मिशीला हात लावायचा नाय

आबा, आज तुमचा दहावा झाला. पाहुणे पांगले. काका ओटीवर पान लावत बसलेत, आई आत पडून आहे, आणि मी तुमच्या खांबाला टेकून हे लिहितोय. तुम्ही म्हणाला असतात, कागद कशाला नासतोस? नासतो. तोंडानं भांडायची सोय तुम्ही ठेवली असतीत तर कागद कशाला लागला असता?

भांडण जुनंच आहे. सव्वीस वर्षांपूर्वी तुम्ही मला बजावलं होतंत, "मी मेलो की मिशीला हात लावायचा नाय." बाप गेला की मुलानं डोकं आणि मिशी उतरवायची, ही आपल्याकडची रीत. ज्याचा बाप जिता आहे त्यानं मिशी काढायची नाही, ज्याचा गेला त्यानं दहाव्याला ठेवायची नाही. तुम्ही एका वाक्यात मला त्या रीतीबाहेर काढलंत. रागानंच काढलंत, असं मी धरून चाललो. विचारलं मात्र कधी नाही.

गेले दहा दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. लोक येत होते, "सुटले हो, फार हाल नाय झाले" म्हणत होते. मी मान हलवत होतो आणि मनात एकच, दहाव्याला काय करू? काढली तर तुमचा शब्द मोडतो. नाही काढली तर भावकी म्हणणार, ह्याला बाप जिता नको होता आणि मेलेलाही नको. भावकीचं सोडा. तुम्ही मला माफ केलं होतंत की नव्हतंत, हे आता मला कोण सांगणार होतं?

ह्या खांबाला आरशाचा खिळा अजून आहे. रविवार आणि बुधवार, दोनच दिवस तुमच्या दाढीचे. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मंगळवार-शुक्रवार देवीला खपत नाही. मी एकदा म्हटलं, "आबा, देवांनी मिळून तुमच्या दाढीचं टाइमटेबल लावलंय." तुम्ही म्हणालात, "तुला नाय समजायचं. गप फेस काढ."

चुलीवरचं कढत पाणी तांब्यात, साबणाची वडी करवंटीत, ब्रश भिजत घातलेला. गावातले बाकीचे बाप्ये न्हाव्यापुढं मान वर करून बसायचे. तुम्ही म्हणायचात, "आपला गळा आपल्याच हातात बरा." ब्लेड बोथट झालं की काचेच्या ग्लासात आतल्या अंगानं घासून धार काढायचात. फेस पुसायला जुन्या पेपरचा चतकोर, शेवटी तुरटीचा खडा. मग गालावरून उलटा हात फिरवून आईला विचारायचात, "झाली काय गो?" आई भाकरीवरची नजर न उचलता म्हणायची, "झाली." ह्या एवढ्या कामाला तुम्हाला पाऊण तास लागायचा. मला वाटायचं, शेतकऱ्याला एवढा वेळ मिळतो कसा? आता वाटतं, आठवड्यातून तेवढाच वेळ तुम्ही स्वतःकडं बघत होतात.

मला मिसरूड फुटलं तेव्हा महिनाभर तुम्ही मला रेझरला हात लावू दिला नाहीत. नुसता फेस काढायला बसवलंत. मग एका रविवारी मागं उभे राहिलात. कातडी ताणून धर. केसाच्या वाटेनं जा, उलटं जायचं नाय. घाई असंल त्या दिवशी दाढी करायचीच नाय. मी वरच्या ओठाशी आलो की माझं मनगट धरायचात. "दाढी आपली, मिशी बापाची." मला हसू यायचं. ओठ माझा, केस माझे, आणि मालकी तुमची? ही काय भानगड?

हे सगळं शिकून मी मुंबईला गेलो आणि हॉटेलात लागलो. लग्नाच्या पार्ट्यांत ताटं फिरवायची. त्याच महिन्यात मामानं तुम्हाला पोटाच्या ऑपरेशनला मुंबईला आणलं. ऑपरेशन नीट पार पडलं, तुम्ही मामाच्या खोलीवर आलात, आणि मला म्हणालात, "आज रातच्या गाडीनं जा नि आईला सांगून ये. ती जिवाला घोर लावून बसली असंल." तुमची छत्री आणि कपड्यांची पिशवीही माझ्याकडं दिलीत, मागून ओझं नको म्हणून. संध्याकाळी हॉटेलात रजा सांगायला गेलो तर मॅनेजर अडून बसला. "कितनी बार बोला, मूंछ निकाल के आना. आज नहीं निकाली तो वापस मत आ." मी हॉटेलच्या बाथरूममध्ये, साबण नाही, ब्रश नाही, कोरडाच रेझर ओठावरून फिरवला. दोन मिनिटांत काम झालं. ओठाला आग सुटली होती, पण काही वाईट केलं असं मनात आलंसुद्धा नाही. मुंबईत निम्म्या लोकांना मिशा नव्हत्या.

सकाळी पोलादपूरला उतरलो. खिडकीच्या वाऱ्यानं डोकं धरलं होतं म्हणून रुमाल बांधलेला. जीपनं उमरठच्या रस्त्याला आपल्या फाट्यापर्यंत आलो आणि चहाला बसलो. बबन चहावाल्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याचा हात किटलीवरच थांबला.

"कधी निघालास?"

"रातच्या गाडीनं."

"आई एकली हाय रे. तिला आता तूच संभाळ."

"हो तर," मी म्हटलं. त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. मी म्हटलं, माणूस सुधारला!

चारा कापणाऱ्या बायांनी मला तिथंच बघितलं होतं. बाप मुंबईला ऑपरेशनला गेलेला, पोरगा एकटाच परत आलेला, हातात बापाची छत्री, डोक्याला रुमाल आणि ओठावर मिशी नाही. आता ह्यात कुणी विचारायचं काय? ज्याचा बाप गेलाय त्याला वाटेत अडवून "गेले काय रे?" असं आपल्यात कुणी विचारतं का? त्यातली एक आडवाटेनं पळत वाडीत पोचली. मी निवांत बिडी ओढत चढण चढलो.

वळणावर आलो आणि आईचा हंबरडा ऐकला. माझ्या हातातली छत्री गळाली. मला वाटलं, मी गाडीत असताना तुमचं काही झालं आणि मामाचा निरोप माझ्या आधी येऊन पोचला. पळत अंगणात आलो तर काशीआत्या गळ्यात पडली, "गेला रे माझा भाऊ!" आणि मी तिथंच मातीत बसलो आणि जो काही रडलो, आबा, गुरं दावणीला बिचकली. मी रडतोय म्हणून त्यांची खात्री पटली, ते रडतायत म्हणून माझी. तासभर असं चाललं. तेवढ्यात काशीआत्यानं आईच्या बांगड्या फोडल्या. कुंकू पुसलं. मी डोळ्यांनी बघत होतो.

मग काकांनी डोळे पुसत मला विचारलं, "किती वाजता गेला दादा?"

"मला काय माहीत? तुमाला कुणी सांगितलं?"

"आमाला? अरे, तूच सांगितलंस!"

"मी कुठं सांगितलं?"

"तोंडावर घेऊन फिरतोयस नि विचारतोस कुठं सांगितलं?"

माझा हात ओठाकडं गेला, आणि मला कळलं.

मी आणि काका पोलादपूरच्या एसटीडी बूथवर गेलो. मामाच्या शेजाऱ्यांकडं फोन लागला. "पाच मिनिटांनी लावा, बोलावतो." ती पाच मिनिटं मी बूथच्या काचेत माझंच तोंड बघत काढली. मग तुमचा आवाज आला, नेहमीचा, खरखरीत. "पोचलास काय?" काकांनी रिसीव्हर ओढून घेतला आणि सगळं सांगितलं. तुम्ही एवढंच म्हणालात म्हणे, "तिच्या हातात आजच्या आज बांगड्या घाल. तिथनंच घेऊन जा." काकांनी डझनभर हिरव्या बांगड्या घेतल्या. कासारानं विचारलं, "लगीन कुणाचं?"

बाराव्या दिवशी तुम्ही आलात. मी स्टँडवर घ्यायला आलो होतो. ओठावर चार खुंट उगवले होते. मी थोबाडीत खायच्या तयारीनंच उभा होतो, खरं सांगतो, खाल्ली असती तर बरं झालं असतं. तुम्ही विचारलंत, "आईनं बांगड्या भरल्या काय?" मी म्हटलं, भरल्या. मग तुम्ही माझ्या तोंडाकडं न बघता ते वाक्य बोललात. "ऐक. मी मेलो की मिशीला हात लावायचा नाय. एकदा काढलीस, तेवढी पुरे." आणि पुढं चालायला लागलात.

विषय संपला. आपल्या घरात विषय असेच संपतात.

लोक म्हणाले, जित्या माणसासाठी रडलं की त्याचं आयुष्य वाढतं, चांगलंच झालं की. तुमचं वाढलं, देवाची कृपा. पण मला गावानं सोडलं नाही. हॉटेल सोडलं, महाडला कोर्टाजवळ झेरॉक्सचं दुकान टाकलं, मिशी अशी राखली की फौजदारानं बघत राहावं. तरी गावचं माणूस दुकानात आलं की आधी माझ्या ओठाकडं बघणार. "मिशी हाय. म्हंजे आबा बरा हाय." मी हसायचो. घरी जाऊन बायकोवर खेकसायचो.

तुमच्याशी समेट करायला मी काय कमी खटपट केली? एका दिवाळीला फेसाचा डबा आणला, दोन पात्यांचा रेझर आणला. तुम्ही डबा दाबलात, तळहातावर फेसाचा डोंगर झाला, वास घेतलात आणि म्हणालात, "ह्यात मेहनत कुठं हाय?" तो डबा आईनं हात धुवायला वापरला. मी दोन दिवस फुगून बसलो. तुम्ही फेसाला नाही म्हटलंत, मला वाटलं मलाच नाही म्हटलंत. हल्लीच्या पोरांच्या दाढ्या बघून तुम्ही कौतुकानं हसायचात, "झाक दिसतंय पोरगं" म्हणायचात. माझा जळफळाट व्हायचा. दुनियेच्या पोरांनी काहीही राखावं, काहीही काढावं, आणि माझ्या एका चुकीला एवढी सजा?

तुम्ही गेलात त्या सकाळी मला रडू आलं नाही, आबा. लोकांनी बघितलं ते. "धीराचा हाय" म्हणाले. धीर कसला? तुमच्यासाठी रडायचं ते मी तुम्ही जिवंत असतानाच भर अंगणात रडून बसलो होतो, आणि त्याचं हसं झालं होतं. त्यानंतर रडायचीच लाज बसली. ही लाज तुमच्या चितेपाशीही सुटली नाही, हे तुम्हाला सांगायलाच हवं.

शेवटच्या महिन्यात तुमचा उजवा हात गेला. डाव्या हातानं तुम्ही रेझर धरलात आणि हनुवटीला कापून घेतलंत. न्हावी आणू का म्हटलं, तर मान हलवलीत. मग रविवारी मी पाणी तापवलं. ब्रश भिजवला. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. आपला गळा आपल्याच हातात बरा म्हणणारे तुम्ही, माझ्या हातात गळा देऊन पडून राहिलात. गालफडं आत गेली होती, कातडी कितीही ताणली तरी सुरकुती राहायचीच. मी केसाच्या वाटेनं गेलो. तुमची पांढरी मिशी सांभाळून, कडेकडेनं. चार रविवार, चार बुधवार. मला त्या आठ दाढ्या मिळाल्या, त्यासाठी मी तुमचे पाय धरायला हवे होते.

विचारायचं तेव्हाच होतं. प्रत्येक वेळी ओठावर शब्द यायचे, "आबा, ते रागानं बोललात काय?" आणि मी ब्रश उचलायचो. तोंडाला फेस लावलेल्या माणसाला बोलता येत नाही, हे मी सोयीचं करून घेतलं. शेवटच्या बुधवारी मी तुरटी फिरवत होतो तर तुम्ही डावा हात उचललात, माझी मिशी चिमटीत धरलीत आणि हलकेच ओढलीत. लहान पोराचा कान ओढावा तशी. आता त्याचा अर्थ काय घ्यायचा? ठेव? काढ? की तुमची ती मस्करी होती? मी "काय आबा?" एवढंसुद्धा विचारलं नाही. पाणी ओतायला बाहेर गेलो. ह्याबद्दल मला स्वतःचा संताप येतो, रोज येतो.

आज पहाटे आई चुलीपाशी बसली होती. ह्या वेळी बांगड्यांना तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता. तुम्ही गेलात त्या दिवशी एकेक करून स्वतः काढल्या होत्या. मी तिला विचारलं, "आई, आबा असं म्हणाले होते. मी काय करू?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तुला वाटतं ते रागानं बोलले?"

"मग?"

"येडा हायस." तिनं लाकूड पुढं सारलं. "ते तुझ्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. तुझं ते बोडकं तोंड बघितल्यापासनं मला कापरं भरायचं. वर्षभर भरायचं. हे निजले की मी उठून त्यांच्या नाकाखाली हात धरून बघायची, श्वास हाय की नाय. एकदा जागे झाले. मी रडाय लागले. म्हटलं, तुमी खरंच गेलात नि पोरगा परत असाच दारात आला तर मी तिथंच मरंन. तर म्हणाले, नाय येनार. मी त्याला स्टँडवरच सांगून ठिवलंय."

"मग मला का नाय सांगितलं तसं?"

"काय सांगनार? तुझ्यामुळं तुझी आई राती उठून बसते, असं? तू त्या वक्ताला आदीच मेल्यावानी झालावतास. म्हणाले, रागावलोय असंच वाटूदे त्याला. बापाचा राग पोराला पचतो."

मला पचला नाही, आबा. तुमचा अंदाज चुकला. पण तुम्ही तो राग सव्वीस वर्षं अंगावर वागवलात, नसलेला राग, आणि माझा असलेला राग वर झेललात, एकदाही उलगडा केला नाहीत. आईच्या आणि माझ्या मधे उभे राहिलात आणि दोघांना कळू दिलं नाहीत. मी तुम्हाला काय काय समजत होतो! खुनशी म्हणायचो मनात. आकसखोर म्हणायचो. हे तुमच्या तोंडावर बोलून तुमच्या पायावर पडायचं होतं, तर आता पायच कुठं राहिले?

"मग काढू?" मी आईला विचारलं.

"रीत हाय ती. काढ," ती म्हणाली.

नदीवर पोलादपूरचा तरुण न्हावी आला होता. डोकं उतरवलं. ओठाशी आला आणि अदबीनं विचारलं, "काका, पूर्ण काढू की नुसती बारीक करू? हल्ली बरेच जण बारीक करतात." माझे काका मागून ओरडले, "काढ पूर्ण! बाप गेलाय त्याचा!" साबण नाही, फेस नाही, सुतकात नुसतं नदीचं पाणी. एवढी राखलेली मिशी, पण वस्तऱ्याच्या पाच-सहा हातांत गेली. मी पाण्यात उतरलो तेव्हा केस माझ्या समोरून वाहत चालले होते. पिंड ठेवताना मला भीती होती, शब्द मोडलाय, कावळा काही शिवत नाही आज. तर मी चार पावलं मागं सरतोय तोवर आला आणि शिवला. काका म्हणाले, "दादा तृप्त गेला." मला तुमचा रागच आला. जरा तरी अडून बसायचं होतंत! तेवढ्यापुरतं तरी वाटलं असतं, तुम्ही ऐकताय.

घरी आलो आणि दारात माझा पाय अडला. काका, पाहुणे सगळे आत गेले. मला उंबरा ओलांडवेना. आई माजघरात भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली.

"थांबलास का? फुडं ये. उजेडात ये."

गेलो. तिच्यासमोर बसलो. तिनं माझ्या बोडक्या ओठावर बोट ठेवलं. मी तिच्या हाताकडं बघत होतो. हात थरथरत नव्हता.

"ह्या वक्ताला खरं हाय रे," ती म्हणाली. "खऱ्याला काय भ्यायचं?" आणि पदर ओढून ती आडवी झाली.

ती भ्याली नाही, आबा. भ्यालो मी.